स्मृतीतील चोरी आणि स्मृतीतील भर

'लीळाचरित्रा'च्या उत्तरार्धाची अखेर कोणती मानायची, हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकांना नवा नाही. श्रीचक्रधर यादवांच्या मुलखातून निघून उत्तरापंथे गेले, ही महानुभाव पंथाची दृढ धारणा. ते आजही देह धरून आहेत, ही श्रद्धा तिच्याशीच निगडित. काही हस्तलिखितांत मात्र या निघून जाण्याला लागून आणखी एक प्रसंग येतो : राजसत्तेच्या माणसांनी त्यांना धरले आणि त्यांचा शिरच्छेद केला. प्रवरेच्या काठावरील बेलापूरचे नाव या प्रसंगाशी जोडले जाते. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली 'लीळाचरित्रा'ची संहिता महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ साली प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्यातील काही लीळांना पंथातून तीव्र आक्षेप घेतला गेला. आक्षेपाचे स्वरूप सरळ होते. जे घडलेच नाही ते आठवण म्हणून छापले गेले, असे आक्षेपकांचे म्हणणे. संपादकीय बाजूचे म्हणणेही तितकेच सरळ होते : पोथीत जे आहे ते छापले.

हा वाद आजवर संहिताशास्त्राचा आणि इतिहासाचा म्हणून हाताळला गेला. कोणती पोथी जुनी, कोणता पाठ मूळचा, कोणाचा हेतू काय, अशा दिशेने तो गेला. त्याच्या पोटात असलेला एक नैतिक प्रश्न त्यामुळे दुर्लक्षित राहिला. दोन्ही आठवणी खऱ्या असू शकत नाहीत, असे क्षणभर मानले, तर त्यांतील एक ज्यांनी जपली आणि पुढच्या पिढीच्या स्वाधीन केली त्यांनी नेमके काय केले? ते खोटे बोलले, असे म्हणायचे काय?

मराठीत 'खोटे' हा शब्द दोन कामे करतो. खोटे नाणे खोटे असते, पण नाणे लबाड नसते. खोटी साक्ष मात्र देणाऱ्याच्या लबाडीवाचून खोटी ठरत नाही. चुकलेल्या साक्षीला व्यवहारात कोणी खोटी साक्ष म्हणत नाही. 'खोटी आठवण' या दोहोंपैकी कोणत्या बाजूची, हे भाषा ठरवून देत नाही, आणि बहुतेक वाद या अनिश्चिततेवरच पोसले जातात. भक्ताची आठवण चुकली असे म्हटले की भक्ताला ते लबाडीच्या आरोपासारखे ऐकू येते. आणि अभ्यासकालाही पुष्कळदा तसेच म्हणायचे असते, फक्त तो ते सभ्य शब्दांत म्हणतो. म्हणून येथे 'मिथ्यास्मृती' हा थोडा रुक्ष शब्द वापरलेला बरा. जिच्यामागे फसवण्याचा हेतू नाही, जी आठवणाऱ्याला अस्सल आठवणीइतकीच जिवंत वाटते आणि तरी जी घडलेल्याशी जुळत नाही, ती मिथ्यास्मृती.

'लीळाचरित्र' हे या प्रश्नासाठी योगायोगाने सापडलेले उदाहरण नव्हे. स्मृतीवर इतक्या उघडपणे, इतक्या जाणतेपणाने उभारलेला दुसरा ग्रंथ प्राचीन मराठीत नाही. चक्रधर निघून गेल्यावर त्यांच्या अनुयायांपुढे जो काळ उभा राहिला त्याला पंथाच्या परिभाषेत 'असन्निधान' म्हणतात. ईश्वर सन्निध नाही; मग भक्ताने करायचे काय? उत्तर होते स्मरण : नामाचे, मूर्तीचे, चेष्टेचे, लीळेचे. ऋद्धिपुरी नागदेवाचार्य, म्हणजे भटोबास, हे स्मरण नित्य करीत. गोदाकाठच्या सराळ्याचा म्हाइंभट, जो एकेकाळी डोमेग्रामी चक्रधरांना वादात जिंकायला आला होता, त्याला त्या स्मरणातून ग्रंथाची कल्पना सुचली, असे परंपरा सांगते. ज्याने जे पाहिले त्याच्याकडून ते मिळवायचे, भटोबासांपुढे ठेवायचे आणि मग लिहायचे, अशी त्याची रीत. तेराव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात हे काम झाले. 'स्मृतिस्थळ' नावाचाच एक ग्रंथ पुढे या काळाच्या आठवणींसाठी सिद्ध झाला, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. या मंडळींना स्मृती हा केवळ साधनाचा भाग वाटत नव्हता. तो त्यांचा आचारधर्म होता.

पुढे काय झाले तेही परंपरेनेच सांगितले आहे. देवगिरीवरील स्वाऱ्यांच्या धामधुमीत पंथाची पांगापांग झाली आणि पळापळीत मूळ पोथी लुटारूंच्या हाती गेली. मग ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला, तो ज्यांना तो मुखोद्गत होता त्यांच्या आधाराने. हीराइसेचे नाव या संदर्भात आदराने घेतले जाते. पुनर्रचना एका हातून झाली नाही. म्हणून निरनिराळे पाठ निर्माण झाले आणि त्यांपैकी काही, ज्यांच्यापासून ते आले त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले.

म्हणजे आज वाचकापुढे जी लीळ येते तिच्यात एकीवर एक तीन थर आहेत. कोणीतरी काही पाहिले व ते आठवले, हा पहिला. ते ऐकून, पडताळून म्हाइंभटाने शब्दबद्ध केले, हा दुसरा. ते शब्द कोणीतरी पाठ केले आणि ग्रंथ गेल्यावर पुन्हा म्हणून दाखवले, हा तिसरा. सामान्यतः या तिन्हींना 'स्मृती' हा एकच शब्द लावला जातो. पण विसाव्या शतकातील मानसशास्त्राने जर काही एक गोष्ट पक्की केली असेल तर ती ही की, या एका नावाखाली निरनिराळ्या शक्ती नांदतात आणि त्या निरनिराळ्या रीतींनी चुकतात.

तत्त्वज्ञानात या भेदाची जाण आधीच होती. आंरी बेर्गसाँ यांनी १८९६ साली सवयीची स्मृती आणि प्रसंगाची स्मृती वेगळी काढली. कविता पाठ असणे ही एक गोष्ट. ती पाठ करताना तिसऱ्या वेळी कोठे अडखळलो होतो ते आठवणे ही दुसरी. पहिलीत भूतकाळ वापरला जातो, दुसरीत तो पुन्हा समोर येतो. १९५३ साली अमेरिकेत एका अपस्माराच्या रुग्णाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर त्याच्या ठिकाणी नव्या प्रसंगांची आठवण टिकेनाशी झाली. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून आकृती गिरवायला शिकवले. हात दिवसेंदिवस सफाईने चालू लागला. पण आपण हे पूर्वी कधी केले आहे, हे त्याला दर वेळी नवलाचे वाटे. कृतीची स्मृती शाबूत, प्रसंगाची नष्ट. १९७२ साली एन्डेल टल्व्हिंग यांनी प्रसंगस्मृती आणि अर्थस्मृती असा आणखी एक भेद मांडला. बेलापूर प्रवरेच्या काठी आहे हे माहीत असणे ही अर्थस्मृती; तेथे एका संध्याकाळी नदीचे पाणी पाहिल्याचे आठवणे ही प्रसंगस्मृती.

हा भेद बेलापूरपुरता तरी फार सहज ढासळतो. दौंड–मनमाड मार्गावरील ज्या स्थानकाच्या फलकावर 'बेलापूर' लिहिलेले आहे ते श्रीरामपूर शहरात आहे. बेलापूर गाव तेथून काही अंतरावर, नदीकडे. त्या स्थानकावर उतरून नातलगांकडे गेलेल्या माणसाने वीस वर्षांनी 'बेलापूरला गेलो होतो' म्हणावे, आणि नदी व घाट यांच्याविषयी जे वाचले-ऐकले ते त्या भेटीत आपोआप येऊन बसावे, यात नवल काहीच नाही. तो खोटे बोलत नाही. त्याच्या ठिकाणी नावाने अर्थस्मृती जागी केली आणि तिने प्रसंगातील रिकामी जागा भरली. नवी मुंबईतही एक बेलापूर असल्याने घोटाळ्याला आणखी वाव आहे, हे सोडून देऊ.

अर्थस्मृतीची ही भर घालण्याची सवय अनेक प्रयोगांतून दिसली आहे. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२च्या ग्रंथात वाचकांकडून एक उत्तर अमेरिकी आदिवासी कथा पुनःपुन्हा सांगून घेतली. सांगताना तिच्यातील अनोळखी डोंगी ओळखीच्या होड्या झाल्या, सीलची शिकार साधी मासेमारी झाली. कोणी मुद्दाम काही बदलले नव्हते. ऐकणाऱ्याच्या जगात जे बसत नव्हते ते सांगताना बसते केले गेले. १९९५ साली हेन्री रोडिगर आणि कॅथलीन मॅक्डरमट यांनी साध्या शब्दयादीवर हेच दाखवले. बिछाना, विश्रांती, स्वप्न, थकवा अशी यादी ऐकलेल्या माणसाला यादीत नसलेली 'झोप' ठामपणे आठवते. येथे एक विलक्षण गोष्ट नोंदली पाहिजे. ज्यांची प्रसंगस्मृती आजाराने दुबळी झाली आहे अशा रुग्णांत ही विशिष्ट चूक निरोगी माणसांपेक्षा कमी आढळते, असे १९९६ साली डॅनियल शॅक्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. ऐकलेल्यातून आशय गोळा करून तो धरून ठेवण्याची शक्ती ज्याच्यापाशी नाही, त्याला त्या आशयाने फसवलेही जात नाही. अशी चूक म्हणजे स्मृतीचे बिघडणे नव्हे. ती स्मृतीच्या नीट चालण्याचाच एक परिणाम असतो.

अव्यक्त स्मृतीची चूक निराळी. लॅरी जेकबी आणि सहकाऱ्यांच्या १९८९च्या प्रयोगात लोकांनी काही अप्रसिद्ध नावे वाचली. दुसऱ्या दिवशी तीच नावे त्यांना प्रसिद्ध माणसांची वाटली. वाचल्याचा प्रसंग विसरला होता, ओळखीची ऊब उरली होती, आणि ती ऊब कोठून आली हे कळत नसल्याने तिला सोयीचे कारण जोडले गेले. जे वारंवार ऐकले ते खरे वाटते, यामागेही हीच यंत्रणा आहे. प्रसंगस्मृती स्वतंत्रपणेही लवचीक असते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली लोकांना मोटारींच्या अपघाताचे चित्रण दाखवले. मोटारी एकमेकींवर 'आदळल्या' असे विचारलेल्यांपैकी ३२ टक्क्यांना आठवड्याने फुटलेली काच पाहिल्याचे आठवले. 'लागल्या' असे विचारलेल्यांपैकी १४ टक्क्यांना. चित्रणात काच फुटलेलीच नव्हती. प्रश्नातील एका क्रियापदाने साक्षीदाराच्या डोळ्यांत काच टाकली, असेच म्हणावे लागेल.

म्हणजे मिथ्यास्मृती ही कोणा एका शक्तीची चूक नसते. आशय एकीकडून येतो, ओळखीची खात्री दुसरीकडून, चित्रमयता तिसरीकडून. आणि हे सारे 'मी हे पाहिले' या एका शिक्क्याखाली एकत्र येते. गफलत असते ती या शिक्क्यात. मार्सिया जॉन्सन यांनी उगमाची परीक्षा म्हणून जिचा विचार केला ती हीच : मनात आलेली गोष्ट पाहिलेली, ऐकलेली की कल्पिलेली, हे स्मृतीत लिहून ठेवलेले नसते, ते दर वेळी अंदाजाने ठरवले जाते.

भारतीय दर्शनांना हा विचार अनोळखी नाही, जरी तो वेगळ्या प्रश्नाच्या संदर्भात आला. पतंजलीने स्मृतीची व्याख्या करताना 'असंप्रमोष' हा शब्द योजला : अनुभवलेल्या विषयाची चोरी न होणे. व्याख्या सुंदर आहे, पण तिच्यात धोका एकाच बाजूचा गृहीत धरलेला दिसतो. घरातून काही जाईल याची काळजी आहे. घरात काही परके येऊन बसेल याची नाही. नैयायिकांनी स्मृतीला प्रमेचा दर्जा नाकारला, कारण ती पूर्वानुभवावर अवलंबून. तिचे खरेखोटेपण त्या अनुभवाचे. पण अनुभवच जर झालेला नसेल आणि स्मृती मात्र असेल, तर काय, हा प्रश्न तेथे मध्यवर्ती झाला नाही. या बाबतीत सर्वांत पुढे गेले ते प्रभाकर मीमांसक. शिंपल्याच्या जागी चांदी दिसते त्या भ्रमाचे स्पष्टीकरण त्यांनी असे दिले की, समोरचे 'हे' प्रत्यक्षाचे आहे आणि चांदी स्मृतीची. पण त्या स्मृतीवरची 'ते', 'पूर्वीचे' ही खूण चोरीला गेलेली असते, आणि दोहोंतला भेद ध्यानात येत नाही. याला त्यांनी 'स्मृतिप्रमोष' म्हटले. चोरी विषयाची नव्हे, स्मृतीपणाची. ज्ञानाचे दोन्ही अंश आपापल्या जागी निर्दोष. उणीव आहे ती भेदाच्या अग्रहणाची. हा अख्यातीचा सिद्धान्त भ्रमाच्या सर्व प्रकारांना पुरतो की नाही, यावर कुमारिलाच्या अनुयायांनी आणि नैयायिकांनी घेतलेले आक्षेप बळकट आहेत. मिथ्यास्मृतीला मात्र तो नेमका लागू पडतो, फक्त दिशा उलटी करून. प्रभाकराच्या उदाहरणात आठवलेले पाहिल्यासारखे भासते. येथे ऐकलेले, अनुमानलेले, इच्छिलेले हे आठवल्यासारखे भासते. दोन्हीकडे हरवते ती खूण.

या पार्श्वभूमीवर बेलापूरच्या प्रसंगाकडे परत आले म्हणजे पहिला मोह कोणता होतो ते स्पष्ट दिसते. अभ्यासक म्हणेल : ईश्वराचा शिरच्छेद होऊ शकत नाही, ही भक्ताची अर्थस्मृती, तिने प्रसंगस्मृतीवर मात केली, मृत्यूचे प्रस्थान झाले. बार्टलेटच्या वाचकांनी डोंगीची होडी केली तसे हे झाले. स्पष्टीकरण चोख आहे. मात्र ते उलट दिशेनेही तितकेच चोख बसते. राजसत्तेचा आणि वैदिक पंडितांचा रोष, आधीच्या छळाच्या लीळा, छळाची परिणती वधात होते ही सर्वत्र आढळणारी कथेची वळणे, गुरू एकाएकी दृष्टिआड झाल्याचा आघात : या साऱ्यांतून, प्रत्यक्ष न पाहिलेला वध पाहिल्यासारखा आठवणे अशक्य नाही. यादीत नसलेली 'झोप' आठवते, तसा चरित्रात नसलेला शेवट आठवू शकतो. एखादी आठवण कशी बनली असू शकेल हे सांगता आले, म्हणून ती बनावट ठरत नाही. अस्सल आठवणही त्याच यंत्रणेतून बनते. मिथ्यास्मृतीचे शास्त्र वादातील एका पक्षाच्या हाती शस्त्र म्हणून देता येत नाही, ते यामुळे. ते दिले की ते ताबडतोब दोन्ही बाजूंनी वापरता येते. गेल्या काही दशकांत मराठी संशोधनात श्रद्धेचे मानसशास्त्रीय स्पष्टीकरण म्हणजे श्रद्धेचे खंडन, असा जो सोपा समज रूढ झाला आहे त्याला येथे तरी आधार नाही. निर्णय करायचा तर तो पोथ्यांच्या वंशावळीवरून, समकालीन पुराव्यावरून, परस्परांना न ओळखणाऱ्या साक्षींच्या जुळण्यावरून करावा लागेल. स्मृतीच्या स्वभावावरून तो करता येणार नाही.

दुसरा मोह भक्ताच्या बाजूचा आहे आणि तो अधिक सूक्ष्म आहे. नित्यस्मरणाने आठवण शुद्ध राहते, असे त्याला वाटते. नित्यस्मरणाने आठवण पक्की राहते, यात शंका नाही. पण पक्की आणि शुद्ध हे दोन गुण वेगळे आहेत. २००० सालापासून करीम नादर यांच्या उंदरांवरील प्रयोगांनी असे सुचवले आहे की, जागी केलेली स्मृती काही काळ मऊ होते आणि पुन्हा घट्ट बसावी लागते. त्या मधल्या काळात तिच्यात बदल होऊ शकतो. भटोबासांनी रोज केलेले स्मरण त्यांच्या आठवणींना किती बदलून गेले, हे सांगण्याचा कोणताही मार्ग नाही. सांगता येते ते एवढेच की, त्यांच्या ठामपणावरून त्यांच्या अचूकतेचा अंदाज करू नये. हीराइसेच्या पाठांतराबद्दलही तेच. तिने शब्द जसेच्या तसे राखले असतील तर तिने म्हाइंभटाची संहिता राखली. म्हाइंभटाला ज्याने सांगितले त्याचे डोळे तिने राखले नाहीत, आणि तसा तिचा दावाही नव्हता. पाठांतराची सफाई घटनेच्या खरेपणाचा पुरावा म्हणून पुढे करणे म्हणजे एका शक्तीचे श्रेय दुसरीच्या खात्यावर जमा करणे.

मग आठवणाऱ्यावर जबाबदारी कोणती? चुकीचे न आठवण्याची जबाबदारी कोणावर टाकता येत नाही. जे स्वाधीन नाही त्याचे कर्तव्य होत नाही. येथे म्हाइंभटाच्या परंपरेने एक उत्तर दिलेले आहे, ते सिद्धान्त म्हणून नव्हे, लेखनाची रीत म्हणून. तिच्यात दोन शब्द येतात. 'शोधु' म्हणजे मूळ कथनानंतर विचारपूस करून हाती आलेली अधिक माहिती. ती कथनात विरघळवून न टाकता शोधु म्हणून वेगळी नोंदली जाते. 'वासना' म्हणजे त्याच लीळेची दुसऱ्याला आठवलेली वेगळी तऱ्हा. अमक्याची वासना अशी, अशा नोंदीने ती शेजारी ठेवली जाते. पाठभेदाला 'वासना' म्हणणे हे मराठीच्या इतिहासातील एक अत्यंत अर्थपूर्ण शब्दयोजन आहे. दर्शनांत वासना म्हणजे अनुभवाने चित्तावर सोडलेला संस्कार. संहितेतील फरकाला तेच नाव दिल्याने हे मान्य झाले की, हा फरक लेखनिकाच्या हातचा नसून आठवणाऱ्याच्या चित्तातला आहे. प्रभाकराच्या भाषेत सांगायचे तर जी खूण स्मृतीतून चोरीला जाते तीच लेखनात पुन्हा लावून ठेवण्याची ही खटपट आहे : हे कोणाचे, हे कोठून आले.

याच नदीच्या खालच्या अंगाला नेवासे आहे, जेथे शके १२१२ मध्ये 'ज्ञानेश्वरी' सांगितली गेली. तिच्या संहितेबाबत एकनाथांनी शके १५०६ मध्ये दुसरा मार्ग धरला. पाठांत शिरलेली अशुद्धे काढून एक शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी तिच्यात ओवी घालू नये असे बजावले. दोन रीतींची तुलना करताना एकीला आधुनिक आणि दुसरीला सनातनी ठरवण्याचे कारण नाही. 'ज्ञानेश्वरी' हे एका कवीचे बोलणे आहे. तेथे मूळ शब्द कोणता, या प्रश्नाला अर्थ आहे. 'लीळाचरित्र' अनेकांचे आठवणे आहे. तेथे मूळ म्हणून जे काही होते ते शब्दांत नव्हते, घटनेत होते, आणि घटना गेली. एकनाथांची रीत 'लीळाचरित्रा'ला लावली तर जे हाती राहील ते शुद्ध असेल. पण कोणाचे, हे सांगता येणार नाही. कोलत्यांच्या संपादनाविषयी जो खरा प्रश्न विचारायला हवा होता तो हा की, बेलापूरचा प्रसंग त्यात का आला, हा नव्हे. तो कोणाची वासना म्हणून आला हे वाचकाला किती स्पष्ट दिसते, हा. आक्षेपकांनाही हाच प्रश्न विचारता येईल. प्रसंग काढून टाकल्यावर जे राहते ते कोणाची वासना म्हणून राहते?

अर्थात या रीतीला मर्यादा आहेत, आणि त्या झाकण्यात अर्थ नाही. शेजारी शेजारी ठेवलेल्या वासना परस्परांपासून स्वतंत्र असतीलच असे नाही. एकाच मठात, एकाच स्मरणाच्या बैठकीत ऐकून तयार झालेल्या दोन आठवणी जुळल्या तर त्या दोन साक्षी होत नाहीत. शिवाय काय नोंदले जावे हे ठरवताना भटोबासांचा शब्द अखेरचा होता. अधिकाराच्या चाळणीतून जे गेले नाही त्याची वासनाही उरली नाही. ज्या ग्रंथांभोवती पुढे सकळ लिपीसारखी गुप्त लिपी उभी राहिली, त्यांतील पाठभेद बाहेरच्या परीक्षेला शतकानुशतके खुले नव्हते. असे असूनही एवढे मान्य करावे लागते की, मतभेद पुसण्यापेक्षा नावानिशी सांभाळण्याची ही वृत्ती बखरींत क्वचितच आढळते, आणि आजच्या आत्मचरित्रांत तर त्याहून क्वचित.

१९७८ हे वर्ष मराठीत आणखी एका स्मृतिग्रंथाचे आहे. प्रवरेच्याच वरच्या खोऱ्यातील, अकोले तालुक्यातल्या धामणगावच्या दया पवारांचे 'बलुतं' त्याच वर्षी आले. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो, अशी योजना आहे. समीक्षेने तिच्याकडे बहुधा दुभंगलेल्या व्यक्तिमत्त्वाचे चिन्ह म्हणून पाहिले. आठवणाऱ्याला आणि लिहिणाऱ्याला वेगळे ठेवण्याची ती एक प्रामाणिक रीतही आहे : हे दगडूचे, मी ऐकतो आहे. दलित आत्मकथनांतील प्रसंग तपशिलात तपासून त्यांवर अविश्वास दाखवण्याची जी एक टीका पुढे उभी राहिली, तिने ही खूण वाचलीच नाही.

त्या टीकेला उत्तर देताना उल्रिक नाइसर यांच्या १९८१च्या एका अभ्यासाचा उपयोग होतो. वॉटरगेट प्रकरणात जॉन डीन यांनी १९७३ साली राष्ट्राध्यक्षांशी झालेल्या संभाषणांची सविस्तर साक्ष दिली. नंतर ध्वनिफिती उजेडात आल्या. नाइसर यांनी दोन्ही ताडून पाहिले. शब्द चुकले होते, आणि निदान एका भेटीचा आशयही चुकला होता. तरी कोण काय दडपत होते, याविषयी साक्ष एकंदरीत खरी होती. अनेक भेटींत जे पुनःपुन्हा घडले ते एका भेटीत गोळा झाले होते. पाणवठ्यावर, शाळेत, गावजेवणात शंभरदा झालेला अपमान एका प्रसंगात एकवटून आठवतो, तेव्हा त्या प्रसंगाची तारीख चुकली म्हणून अपमान खोटा होत नाही. अर्थस्मृतीने येथे भर घातली खरी, पण ती भर आयुष्यानेच पुरवलेली होती.

हा युक्तिवाद फार दूर नेता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. आशय खरा म्हणून प्रसंग खरा, असे एकदा मानले की कोणताही समूह आपल्या दुखाव्याला साजेसा प्रसंग आठवून घेईल आणि त्यातील दोषी म्हणून जिवंत माणसाकडे बोट दाखवील. अपमानाच्या एकंदर सत्यासाठी प्रसंग एकवटणे आणि नावानिशी एखाद्या व्यक्तीवर आरोप ठेवण्यासाठी तो एकवटणे, यांत फरक आहे. पहिल्यात चुकीची किंमत कोणालाच मोजावी लागत नाही. दुसऱ्यात ती भलत्याला मोजावी लागते. लॉफ्टस यांचे पुढील काम याच कारणाने न्यायालयांपर्यंत पोहोचले. बेलापूरच्या प्रसंगातही हेमाद्री आहे, यादवांचे राज्य आहे, एका वर्णावरचा आरोप आहे. शिरच्छेदाची आठवण केवळ चक्रधरांविषयीची नाही. ती दुसऱ्या कोणावर तरी ठेवलेला खुनाचा आरोपही आहे. पंथाने ती नाकारली तेव्हा नकळत या आरोपातूनही माघार घेतली, हे आजवरच्या चर्चेत फारसे कोणी ध्यानात घेतलेले दिसत नाही.

उत्तरार्धाबाबत निदान वासना तरी आहेत. 'एकांक' या पहिल्या भागाची अवस्था निराळी. चक्रधर एकटे फिरत होते त्या काळाचे ते कथन. तेथे शिष्य कोणी नव्हता. त्यातील प्रत्येक लीळ स्वतः चक्रधरांनी केव्हातरी सांगितलेली, आणि शिष्यांनी आठवलेली. म्हणजे येथे शिष्यांना घटना आठवत नाही. घटना सांगितल्याचा प्रसंग आठवतो. वाचताना मात्र हा फरक दोन पानांत विसरला जातो. अरण्य, वाट, भेटलेली माणसे कोणीतरी मागे उभे राहून पाहत असल्यासारखी समोर येतात. म्हाइंभटाला पडताळा घ्यायला तेथे जाण्यासारखी जागाच नव्हती. जाऊन विचारण्यासारखा एकच साक्षीदार होता आणि तो उत्तरापंथे गेला होता. किंवा बेलापुराच्या पुढे गेलाच नव्हता.